४६८ गोल आणि एक पौंड



रविवारची शेवटची मिस्सा संपली की आपल्या चर्चच्या मागील मैदानावर मुले फुटबॉल खेळू लागतात. अनेकांच्या पाठीवर परदेशी क्लबांतील खेळाडूंची नावे असतात. खेळ थांबला की वाद सुरू होतात. कोणाचे गोल किती, कोणाला कोणत्या क्लबने किती कोटींना घेतले, कोणी कोणता विक्रम मोडला, हे सारे आकडे या मुलांना तोंडपाठ असतात. (धर्मशिक्षणाच्या वर्गात यांतीलच काही जण सात संस्कारांची नावे सांगताना अडखळतात, हे आम्ही जाता जाता नोंदवून ठेवतो!)

गेल्या महिन्यात या वादात मुलांनी आम्हालाही ओढले. एका क्लबसाठी सर्वांत अधिक गोल कोणी केले असतील, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी दिलेली नावे सगळी आजची होती. आम्ही मात्र जुन्या काळातील एका माणसाचे नाव घेतले आणि ते कोणीच ऐकलेले नव्हते. त्या दिवशी दिलेले वचन पाळण्यासाठी आज ही जीवनकथा लिहीत आहोत. ती मुलांसाठी आहेच, पण त्यांच्या आईवडिलांनी आणि आपल्या पॅरिश कौन्सिलच्या सभासदांनीही ती वाचावी, अशी आमची इच्छा आहे. कारण शेवटी सांगू.

त्या माणसाचे नाव जिमी मॅकग्रोरी. क्लब स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील सेल्टिक.

भुकेल्या मुलांसाठी निघालेला क्लब

मॅकग्रोरी यांच्याकडे वळण्याआधी या क्लबविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याचा जन्म चर्चच्या सभागृहात झाला आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील दुष्काळ आणि दारिद्र्य यांमुळे हजारो कुटुंबे ग्लासगोत येऊन राहिली. त्यांतील बहुसंख्य कॅथलिक होती. शहराच्या पूर्व भागातील वस्त्यांत एकेका खोलीत सात-आठ माणसे राहत. मुले उपाशीपोटी शाळेत येत. मॅरिस्ट संस्थेचे धर्मबंधू वॉलफ्रिड त्या भागातील शाळेत शिक्षक होते. त्यांचे मूळ नाव अँड्र्यू केरिन्स, जन्म १८४० चा, आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातला. मुलांना रोज जेवण मिळावे म्हणून त्यांनी भोजनाची सोय सुरू केली होती, पण पैसा पुरत नव्हता. फुटबॉलचे सामने भरवून तिकिटांच्या पैशातून हा खर्च भागवावा, असे त्यांनी ठरवले. दि. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी काल्टन भागातील सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात सेल्टिकची स्थापना झाली. पहिला सामना २८ मे १८८८ रोजी रेंजर्स या संघाविरुद्ध झाला आणि सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला.

पुढे काही वर्षांतच क्लब व्यावसायिक झाला. त्याची कंपनी झाली, भागधारक आले, नफातोटा आला. भुकेल्या मुलांचे जेवण हळूहळू मागे पडले. ब्रदर वॉलफ्रिड यांची बदली लंडनला झाली आणि १९१५ मध्ये ते देवाघरी गेले. चांगल्या हेतूने सुरू झालेल्या कार्यात पैसा शिरला की काय होते, याचा हा एक धडा आहे. तो मनात ठेवून पुढे वाचावे.

गार्नगॅडचा मुलगा

जिमीचा जन्म २६ एप्रिल १९०४ रोजी ग्लासगोच्या उत्तरेकडील गार्नगॅड या वस्तीत झाला. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेली ही आयरिश कामगारांची वस्ती होती. मॅकग्रोरी कुटुंबही आयर्लंडहून आलेले, मोठे आणि गरीब. वडील मजुरी करत. जिमी लहान असतानाच आई गेली. वडीलही १९२४ मध्ये एका अपघातात गेले. तेव्हा जिमी नुकताच वीस वर्षांचा झाला होता.

वस्तीतील चर्च संत रॉक यांच्या नावाचे होते. त्याच नावाचा एक ज्युनियर संघ होता आणि जिमी त्यात खेळू लागला. (तेथे ज्युनियर म्हणजे वयाने लहान असे नव्हे, मोठ्या व्यावसायिक लीगच्या खालची पातळी.) १९२२ मध्ये या संघाने स्कॉटलंडचा ज्युनियर कप जिंकला आणि अंतिम सामन्यात जिमीनेही गोल केला. त्याच वर्षी सेल्टिकने त्याला करारबद्ध केले.

सुरुवात काही झगमगती नव्हती. पहिला सामना २० जानेवारी १९२३ रोजी थर्ड लानार्कविरुद्ध झाला आणि सेल्टिक तो हरले. पुढच्या मोसमात क्लबने त्याला क्लाइडबँक या लहान संघाकडे उसना दिला. तेथे त्याने १३ गोल केले. त्यांतील एक खुद्द सेल्टिकविरुद्ध होता! १९२४ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. त्यानंतर तेरा वर्षे तो तेथेच राहिला.

विक्रमांची वही

मॅकग्रोरी उंच नव्हते. पण खांदे रुंद आणि मान बळकट होती. आडवे झेपावून, जमिनीपासून हातभर उंचीवरचा चेंडू डोक्याने गोलमध्ये धाडण्यात त्यांचा हातखंडा होता. म्हणून लोक त्यांना मानवी टॉर्पेडो म्हणत. त्या काळचा चेंडू चामड्याचा आणि दोऱ्यांनी शिवलेला असे. पावसात भिजून तो दगडासारखा जड होई. तो डोक्याने मारणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या हलक्या चेंडूवर खेळणाऱ्या मुलांना येणार नाही.

१९२५ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात डंडीविरुद्ध सेल्टिक मागे पडले होते. पॅट्सी गॅलाकर यांनी बरोबरी साधली आणि मॅकग्रोरी यांनी झेपावून डोक्याने विजयी गोल केला. त्यानंतर गोलांची जणू झड लागली. दि. १४ जानेवारी १९२८ रोजी डनफर्मलिनविरुद्ध सेल्टिकने ९-० असा विजय मिळवला. नऊपैकी आठ गोल एकट्या मॅकग्रोरी यांचे. स्कॉटलंडच्या सर्वोच्च लीगमधील एका सामन्यातील हा विक्रम आजही कायम आहे.

१९३५-३६ च्या मोसमात वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांनी ३२ लीग सामन्यांत ५० गोल केले आणि दहा वर्षांनी सेल्टिकला लीगचे विजेतेपद मिळाले. त्याच मोसमात, मार्च १९३६ मध्ये, मदरवेलविरुद्ध त्यांनी तीन मिनिटांत तीन गोल केले. एका लीग मोसमातील ५० गोल हा सेल्टिकचा विक्रम आजही अबाधित आहे. स्कॉटलंडच्या सर्वोच्च लीगमधील विक्रम मात्र मदरवेलच्या विल्यम मॅकफॅडियन यांच्या नावावर आहे: १९३१-३२ मधील ५२ गोल.

आता सर्वांत मोठा आकडा. सेल्टिकसाठी ४४५ सामन्यांत ४६८ गोल. काही जण जुनी वर्तमानपत्रे पुन्हा तपासून हा आकडा ४७२ असा देतात. चार गोलांचा हा वाद मिटेल तेव्हा मिटो. क्लाइडबँकचा मोसम धरून त्यांच्या लीग सामन्यांचा हिशेब ४०८ सामने आणि ४१० गोल असा आहे, म्हणजे दर सामन्याला एकाहून अधिक. सर्व अधिकृत सामने मिळून ५५० गोल आणि ५५ हॅट्ट्रिक. ब्रिटनमध्ये ही बेरीज कोणालाही गाठता आलेली नाही. सेल्टिकच्या यादीत दुसरे नाव बॉबी लेनॉक्स यांचे आहे आणि त्यांचे गोल आहेत २७३. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात जवळजवळ दोनशे गोलांचे अंतर आहे. हे बॉबी लेनॉक्स आपल्याला पुढे पुन्हा भेटतील.

इतके गोल करूनही देशाच्या संघात त्यांना फक्त सात वेळा स्थान मिळाले, कारण न्यूकॅसलचे ह्यूई गॅलाकर हेही त्याच जागेवर खेळत. त्या सात सामन्यांत त्यांनी सहा गोल केले. त्यांतील दोन एप्रिल १९३३ मध्ये हॅम्पडन पार्कवर इंग्लंडविरुद्ध होते. स्कॉटलंडने तो सामना २-१ असा जिंकला. मैदानात सव्वा लाखाहून अधिक माणसे होती.

या यशाच्या वर्षांत दुःखही होते. सप्टेंबर १९३१ मध्ये सेल्टिकचे तरुण गोलरक्षक जॉन थॉमसन रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात चेंडूवर झेपावताना जखमी झाले आणि त्याच रात्री मरण पावले. ते २२ वर्षांचे होते. दोन वर्षांनी आघाडीचे खेळाडू पीटर स्कार्फ क्षयाने गेले. ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसणारे दोन तरुण असे गेले. ही रिकामी जागा गोलांच्या तक्त्यात दिसत नाही.

आपल्या मुलांना आवडेल अशी एक नोंद येथेच करतो. ऑगस्ट १९३६ मध्ये कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचे मोहम्मद सलीम सेल्टिकच्या दुसऱ्या संघातून दोन सामने खेळले. बूट न घालता, पायांना पट्ट्या बांधून! ग्लासगोच्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण त्यांना घरची ओढ लागली आणि ते मायदेशी परतले. मॅकग्रोरी तेव्हा पहिल्या संघात होते.

लूर्ड्सच्या वाटेवर

आता १९२८ च्या उन्हाळ्याकडे वळू. आठ गोलांच्या त्या सामन्याला काही महिनेच झाले होते. सेल्टिकचे मॅनेजर विली मेली यांनी मॅकग्रोरी यांना सोबत घेऊन लूर्ड्सच्या पवित्र मातेच्या तीर्थयात्रेला जायचे ठरवले. वाट लंडनवरून होती. गाडी लंडनच्या स्टेशनात थांबली तेव्हा तेथे आर्सेनलचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन हजर होते. ही भेट काही योगायोगाची नव्हती. आर्सेनलला मॅकग्रोरी हवे होते आणि त्यासाठी दहा हजार पौंड मोजण्याची तयारी होती. त्या काळात ब्रिटनमध्ये एवढी रक्कम कोणत्याही खेळाडूसाठी दिली गेली नव्हती. सेल्टिकलाही पैसा हवा होता, कारण मैदानावर नवीन स्टँड बांधायचा होता.

म्हणजे पाहा, भुकेल्या मुलांच्या जेवणासाठी निघालेला क्लब आपला सर्वांत चांगला खेळाडू विकायला निघाला होता आणि सौद्याची वाट तीर्थयात्रेच्या वाटेवरून जात होती!

मॅकग्रोरी यांनी नकार दिला. लूर्ड्सहून परतताना लंडनमध्ये चॅपमन पुन्हा भेटले. उत्तर तेच मिळाले. त्याच वर्षी आर्सेनलने दहा हजारांहून अधिक पौंड मोजून बोल्टनच्या डेव्हिड जॅक यांना घेतले. १९३० मध्ये आर्सेनलने एफ.ए. कप जिंकला, १९३१ मध्ये लीग जिंकली. हे सारे मॅकग्रोरी यांच्या वाट्याला येऊ शकले असते. ते ग्लासगोला, आपल्या माणसांत परतले.

एका पौंडाची गोष्ट

येथपर्यंतची कथा ऐकून कोणालाही वाटेल की क्लबने या निष्ठेचे चीज केले असेल. तसे झाले नाही. त्यानंतरच्या काळात सेल्टिकच्या पहिल्या संघातील इतर खेळाडूंना आठवड्याला नऊ पौंड मिळत होते, तर मॅकग्रोरी यांना आठ. त्यांना ही गोष्ट अनेक वर्षे ठाऊकच नव्हती. ज्या माणसाच्या गोलांवर क्लब चालत होता, त्यालाच सहकाऱ्यांपेक्षा एक पौंड कमी. विकला जायला नकार दिल्याची ही शिक्षा होती, असेच बहुतेक लेखकांनी मानले आहे.

या एका पौंडाने आम्हाला बराच काळ विचारात पाडले आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना परिमाण आणि गुण यांतील भेद आम्ही पाठ केला होता. परिमाण मोजता येते; गुण मोजता येत नाही, तो ओळखावा लागतो. मॅकग्रोरी यांचे गोल हे परिमाण आणि त्यांची निष्ठा हा गुण, अशी सोपी वाटणी करून आम्ही हा लेख संपवू शकलो असतो. पण तो एक पौंड या वाटणीत बसत नाही. तो मोजता येतो, अगदी शिलिंग-पेन्सपर्यंत. आणि तो कापला गेला, कारण हा माणूस कुठे जाणार नाही याची वरच्यांना खात्री होती. त्याचा गुणच त्यांनी हिशेबात धरला आणि तेवढी रक्कम वळती करून घेतली.

अशा कथा आपण चर्चमध्ये सांगतो तेव्हा सोसणाऱ्याचे कौतुक करून थांबतो. सोसणाऱ्याचा मोठेपणा खरा आहे. पण त्याच्या मोठेपणामुळे देणाऱ्याचा अन्याय धुऊन निघत नाही. मॅकग्रोरी यांनी मनात कडवटपणा धरला नाही, ही त्यांची थोरवी. सेल्टिकने एक पौंड कापला, ही सेल्टिकची लाज. ही दोन खाती आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत, असे आम्हाला वाटते.

मॅनेजर मॅकग्रोरी

डिसेंबर १९३७ मध्ये खेळणे थांबवून ते किल्मार्नॉक संघाचे मॅनेजर झाले. पहिल्याच मोसमात त्यांच्या संघाने स्कॉटिश कपमध्ये सेल्टिकलाच हरवले आणि अंतिम फेरी गाठली. तेथे ते ईस्ट फाइफकडून हरले. जुलै १९४५ मध्ये ते सेल्टिकचे मॅनेजर म्हणून परत आले आणि मार्च १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले.

या वीस वर्षांचे आकडे मात्र साधेच आहेत. लीगचे विजेतेपद एकदाच, १९५४ मध्ये. स्कॉटिश कप दोनदा, १९५१ आणि १९५४. १९५३ चा कोरोनेशन कप. लीग कप दोनदा, आणि त्यातला दुसरा ऑक्टोबर १९५७ मध्ये रेंजर्सना ७-१ असे हरवून मिळवलेला, ज्याची आठवण ग्लासगोत अजून काढतात. दुसरीकडे, १९४८ मध्ये खालच्या विभागात घसरण्याची वेळ आली होती. शेवटचा सामना डंडी येथे ३-२ असा जिंकला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आणि १९५७ नंतरची सात वर्षे मोठा चषक असा एकही नाही.

ते सौम्य होते. खेळाडूंवर ओरडत नसत. संघनिवडीत क्लबचे अध्यक्ष रॉबर्ट केली यांचाच शब्द चाले आणि मॅकग्रोरी तो मानत. हा त्यांचा दोष होता, असे म्हणणारे आहेत आणि ते चुकीचे नाहीत. मैदानात झेपावणारा माणूस कार्यालयात झेपावू शकला नाही. आज्ञाधारकपणा हा सद्गुण आहे, पण जेथे बोलायला हवे तेथे गप्प राहणे हे त्याचे दुसरे नाव होऊ नये. आम्ही धर्मगुरू हे सांगताना स्वतःलाही सांगत असतो.

तरीही या कोरड्या वर्षांत एक गोष्ट घडत होती. आसपासच्या वस्त्यांतील, शाळांतील मुले क्लबमध्ये घेतली जात होती: बिली मॅकनील, बॉबी मर्डोक, जिमी जॉनस्टन, टॉमी गेमेल, स्टीव्ही चाल्मर्स आणि ते बॉबी लेनॉक्स. १९६५ मध्ये जॉक स्टीन मॅनेजर झाले. २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे सेल्टिकने इंटर मिलानला २-१ असे हरवून युरोपियन कप जिंकला. ब्रिटनमधील संघाने हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. अकराही खेळाडू ग्लासगोच्या तीस मैल परिसरात जन्मलेले होते आणि त्यांतील बहुतेक मॅकग्रोरी यांच्या काळात क्लबमध्ये आले होते. श्रेय स्टीन यांचे, आणि ते रास्त आहे. पण सर्वाधिक सामने खेळण्याचा सेल्टिकचा विक्रम बिली मॅकनील यांचा, गोलांच्या यादीत दुसरे नाव लेनॉक्स यांचे, आणि दोघेही मॅकग्रोरी मॅनेजर असताना आलेली मुले, ही नोंद आम्हाला महत्त्वाची वाटते.

मॅनेजरपद गेल्यावर ते रुसून घरी बसले नाहीत. त्याच क्लबमध्ये जनसंपर्काचे काम करू लागले. १९७५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. दि. २० ऑक्टोबर १९८२ रोजी ग्लासगो येथे, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या वहीतील नोंद

मुलांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आता तुमच्या आईवडिलांसाठी आणि कौन्सिलच्या सभासदांसाठी दोन ओळी.

हा लेख लिहायला घेतला त्या रात्री आम्ही धर्मग्रामाची हिशेबवही उघडली. वीज, रंगकाम, मंडप, सणाची रोषणाई, सगळे खर्च वर्षागणिक वाढलेले दिसले. मानधनाच्या पानावर एका ओळीत मात्र गेली चार वर्षे तोच आकडा आहे. त्या व्यक्तीने कधी वाढ मागितली नाही, म्हणून आम्ही दिली नाही. पहाटे चर्चचे दार उघडलेले आम्हाला रोज दिसते, पण ते उघडणाऱ्याचा हिशेब आम्ही पाहिला नव्हता. ही चूक दुसऱ्या कोणाची नाही. त्या पानाखाली सही आमची आहे.

नाव येथे लिहीत नाही. त्या व्यक्तीला ते आवडणार नाही. कौन्सिलच्या पुढील सभेत पहिला विषय हाच असेल, आणि मागील चार वर्षांचा फरकही त्यात धरलेला असेल. आपल्यापैकी ज्यांच्या घरी, दुकानात, वाडीत किंवा गाड्यावर कोणी काम करते, त्यांनीही या आठवड्यात एकदा आपली वही उघडून पाहावी, एवढीच विनंती.

आणि मुलांनो, पुढच्या रविवारी मैदानावर आम्हीही येऊ. गोल मोजायचे काम आमच्याकडे द्या. झेपावणे आता आम्हाला जमणार नाही.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू